बारकीचं अर्धं वाक्य

दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस उरले असताना एका सोमवारी वरच्या पाड्यावरच्या शाळेत एकाही पोराने खिचडी खाल्ली नाही.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं नेहमीसारखी हात धुऊन व्हरांड्यात ओळीने बसली. खिचडी शिजवणाऱ्या तानीने चुलीवरचं पातेलं उतरवून आणलं, झाकण काढलं, वाफ वर गेली. पण ताटल्या कोणी पुढे केल्याच नाहीत. पोरांनी दप्तरातून फडकी काढली. फडक्यात नाचणीची भाकरी होती, कुणाकडे चटणी, कुणाकडे दोन सुके बोंबील. काहींकडे नुसतीच अर्धी भाकरी होती. पहिलीतला एक पोरगा पातेल्याकडे बघत राहिला, तर त्याच्या बहिणीने त्याचं तोंड हाताने वळवून आपल्याकडे केलं.

संजीवनी वर्गातून बाहेर आली. डोळखांबच्या पुढे, रस्ता संपतो त्या टोकाच्या या पाचवीपर्यंतच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर ती नऊ वर्षं होती. शहापूरहून रोज स्कूटरने यायची. दुसरे शिक्षक प्रणय सर नवीन होते, ते त्या दिवशी केंद्रावरच्या बैठकीला गेले होते.

"काय रे, आज सगळ्यांचा उपास आहे का?" तिने हसत विचारलं.

कोणी हसलं नाही. चौथीतली चिमी नेहमी सगळ्यांत आधी उत्तर द्यायची. तिने मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"तानी, काय झालं गं?"

तानीने पातेल्यावर झाकण ठेवलं. "चांगोबाबा येतायत, बाई. त्यांना विचारा."

चांगोबाबा शाळा समितीचे अध्यक्ष. म्हातारे, पण पाड्यावर त्यांच्या शब्दाला मान होता. ते आले, व्हरांड्याच्या खालीच उभे राहिले. संजीवनीने खुर्ची आणायला सांगितली तर हाताने नको म्हणाले.

"रागावू नका, बाई. पोरं रोज येतील. शाळा पायजे आमाला. खिचडी तेवढी नको."

"का पण, बाबा? काही वाईट निघालं का तांदळात?"

"नाय. तानी चांगलीच करते." ते ओळीत बसलेल्या पोरांकडे बघून म्हणाले, "फोनवर आलंय म्हनं. आमच्या पाड्यावरच्या सुदामनं वाचून दाखवलं. आमी ठाकर लोक म्हनतो, शाळा बंद ठेवा, खिचडी चालू ठेवा. सगळा तालुका हसतोय. खाली बाजारात पोरं आमच्या मानसांना खिचडी म्हनून हाका मारतात. मंग काल आमी बसलो आनि ठरवलं."

संजीवनीने विचारलं, "कोणी लिहिलं असं?"

चांगोबाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "ते तुमी घरी विचारा, बाई," एवढंच म्हणाले आणि वाटेला लागले.

विचारायची गरज नव्हती. ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं.

दसऱ्यानंतर एकदा चिमीची आई बारकी शाळेत आली होती. भातकापणी उरकली की बारकी आणि तिचा नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. भट्टीवर जोडीच लागते, एकट्याला काम मिळत नाही. पोरं मग आईबापांबरोबर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, तोवर वर्ष बुडालेलं असतं. बारकीला या वर्षी चिमीला न्यायचं नव्हतं. पोरीला वाचनाची गोडी लागली होती. पाड्यावर बारकीची म्हातारी आई होती, तिच्याकडे पोरीला ठेवता आलं असतं. फक्त म्हातारीचं स्वतःचंच भागत नव्हतं.

"बाई, एक मागनं हाय," बारकी म्हणाली होती. "दिवाळीत शाळा बंद असली तरी चालंल, खिचडी तेवढी चालू ठेवा. शाळा चालू झाल्यावर मंग ती दुपारची खातेच. सुट्टीचेच दिवस अवघड हायत. तेवढं झालं तर चिमी हितंच राहील."

"बघते हं," संजीवनी म्हणाली होती. सुट्टीत पोषण आहार शिजत नाही, हे तिला माहीत होतं. वर विचारून बघायला हवं होतं, निदान दुसरं काहीतरी सुचवायला हवं होतं. ती हे दोन्ही विसरली.

विसरली नव्हती ती गंमत. त्याच संध्याकाळी ती दमून घरी आली. दिवसभर ऑनलाइन माहिती भरायची, पोरं सांभाळायची, परतताना रस्त्यात गाडी बंद पडलेली. जेवताना तिचा नवरा धर्मा म्हणाला, "काय मग, काय म्हणतो तुझा पाडा?" आणि तिने बारकीची नक्कल केली. पदर डोक्यावरून ओढून, बारकीसारखा आवाज काढून म्हणाली, "बाई, शाळा बंद असली तरी चालंल, खिचडी तेवढी चालू ठेवा!" धर्मा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला हसताना बघून तिलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी दोघं असे हसले होते. म्हणून तिने ते आणखी एकदा करून दाखवलं. पुढचं, म्हातारीचं आणि भट्टीचं, सांगितलंच नाही. ते सांगितलं असतं तर गंमत राहिली नसती.

त्या दिवशीची खिचडी तानीने झाकून ठेवली. शाळा सुटल्यावर तिने ती कुणाच्या गुरांना घातली की कुठे नेली, हे विचारायचं धाडस संजीवनीला झालं नाही.

घरी येताना सगळ्या रस्त्याने तिच्या मनात एकच येत होतं, की कोणी वर तक्रार केली तर काय होईल. गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत गेलं तर नोटीस येईल, बदली होईल. शहापूरच्या जवळ आल्यावर तिच्या लक्षात आलं की सबंध वाटेत आपण फक्त स्वतःच्या नोकरीचा विचार केला. तिला स्वतःची शिसारी आली.

धर्मा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, मोबाइल डोळ्यांजवळ धरून. आसनगावकडच्या कारखान्यातून त्याला बाहेर पडून तीन वर्षं झाली होती. कारखाना बंद झाला नव्हता, फक्त त्याच्यासारख्यांची गरज संपली होती. पहिलं वर्ष त्याने काम शोधलं. मग हळूहळू फोनवरच त्याचा दिवस जायला लागला. शहापूर-मुरबाड नागरिक कट्टा नावाचा एक मोठा ग्रुप होता. वैशाखरे गावच्या भगीरथने काढलेला. आधी त्यात रस्त्यातले खड्डे, हरवलेली गुरं, विजेचा लपंडाव असले विषय असायचे. निवडणुका आल्या, घरपट्टी वाढणार अशी चर्चा सुरू झाली, आणि ग्रुपचा रंग बदलला. कोण टॅक्स भरतो, कोण फुकट खातो, कुणाला सवलती आणि कुणाच्या जिवावर, यावर रोज भांडणं. धर्मा त्यात चांगलाच रंगला होता. त्याची भाषा चुरचुरीत होती. लोक त्याला धर्माभाऊ, तुम्ही एकदम बरोबर बोललात म्हणायचे. कारखान्यात वीस वर्षांत त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं.

"फोन द्या," संजीवनी म्हणाली.

"का?"

"द्या हो."

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने दिला. तिने ग्रुप उघडला. शोधावं लागलं नाही, ते वरच होतं. शेकडो लोकांनी पसंत केलेलं, पुढे पाठवलेलं.

'डोळखांबकडच्या एका पाड्यावरची बाई मास्तरणीला म्हणते, शाळा बंद ठेवा पण खिचडी चालू ठेवा. हसू नका. यांच्यासाठी तुम्ही आम्ही टॅक्स भरतो. घरपट्टी आपण भरायची, घरकुल त्यांना. शेती आपण करायची, रेशन त्यांना. विचार करा, मंडळी.'

खाली लोकांनी लिहिलं होतं. कोणी हसण्याची चित्रं टाकली होती. कोणी म्हणत होतं, जंगलातून बाहेर काढा, मग कळेल. कोणी आपला अनुभव म्हणून तसलीच आणखी एक गोष्ट सांगितली होती. हसणाऱ्यांत प्रणय सरांचं नाव होतं. ते बघून संजीवनीला क्षणभर बरं वाटलं, आपण एकटीच नाही म्हणून. मग त्या बरं वाटण्याचीही लाज वाटली.

बरंच खाली सुदामने लिहिलं होतं. सुदाम म्हणजे बारकीचा धाकटा दीर. कसाऱ्याला रेल्वेच्या ठेकेदाराकडे कामाला होता. संजीवनी या शाळेवर आली तेव्हा तो दहावीला होता, गणितातलं काही अडलं की तिच्याकडे यायचा.

'धर्मा काका, ती बाई माझी वहिनी आहे. ती पुढे काय बोलली तेपण लिहा. आणि टॅक्स आम्हीपण भरतो. मोबाइलचा रिचार्ज, तेल, साबण, सगळ्यावर भरतो.'

त्याखाली धर्माचं उत्तर होतं. 'साबण? ही नवीन बातमी आहे.'

याला सगळ्यांत जास्त लोक हसले होते.

सुदामने त्यानंतर काही लिहिलं नव्हतं.

संजीवनीने फोन खाली ठेवला. "तुम्हाला कळतंय का काय लिहिलंय ते?"

"काय झालं? नाव कुठे घेतलंय मी कोणाचं?"

"डोळखांब लिहिलंय. मास्तरणी लिहिलंय. तिथे मास्तरणी किती आहेत? आज एका पोराने खिचडीला हात लावला नाही. सगळी सुकी भाकरी खात बसली. सगळ्या पाड्याला माहीत आहे."

धर्मा म्हणाला, "मी काय मनाने लिहिलं का? तूच सांगितलंस. तुझ्याच तोंडचं आहे ते, जसंच्या तसं."

ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच तिला जास्त राग आला आणि जे बोलायचं नव्हतं ते ती बोलून गेली.

"आणि कुठला टॅक्स भरता तुम्ही? तीन वर्षांत एक रुपया भरलाय का? टॅक्स माझ्या पगारातून कापला जातो. आणि तो पगार कुठून येतो? त्याच पोरांना शिकवते म्हणून येतो ना?"

धर्माचा चेहरा उतरला. तो उठला, आत गेला आणि देवघराजवळच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. संजीवनी ओट्यावर तशीच उभी राहिली. तीन वर्षांत ती हे कधीच बोलली नव्हती. नातेवाईक बोलले तर ती त्यांना गप्प करायची. आज पाड्याला काय लागलं ते दाखवायला ती नवऱ्याला तसंच लागेल असं बोलून मोकळी झाली होती.

थोड्या वेळाने ती आत जाऊन खाटेच्या कडेला बसली.

"सुदाम म्हणतोय ते बरोबर आहे," ती म्हणाली. "ती पुढे बोलली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही."

आणि तिने सांगितलं. भट्टी, म्हातारी, चिमीची वाचनाची गोडी, सगळं. धर्मा ऐकत होता. तोंड भिंतीकडेच होतं.

"म्हणजे ती पोरीला शाळेत ठेवायला बघत होती," तो म्हणाला.

"हो."

"मग तू मला असं का सांगितलंस गं?"

"तुम्ही हसावं म्हणून."

तो वळला. त्याने फोन घेतला आणि ती पोस्ट काढून टाकली. त्याने काही फरक पडणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. ती आधीच लोकांनी उचलून चित्रांवर छापली होती, मुरबाडपर्यंत पोचवली होती. मग तो स्वयंपाकघरात पाटावर बसून नवीन लिहायला लागला. एरवी त्याची बोटं भराभर चालायची, आज तो दोन शब्द लिहायचा आणि पुसायचा. शेवटी वाचून दाखवलं. त्या बाईने काय मागितलं होतं आणि का मागितलं होतं, ते सरळ लिहिलं होतं. शेवटी होतं, 'मी अर्धीच गोष्ट लिहिली. सुदामला जे उत्तर दिलं ते फार हलकं होतं. माफी मागतो.'

"मास्तरणी माझी बायको आहे हे लिहू का?" त्याने विचारलं.

संजीवनीला नोटीस, बदली, सगळं पुन्हा आठवलं. "लिहा," ती म्हणाली, पण इतक्या हळू की त्याने पुन्हा विचारलं आणि तिला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

ही पोस्ट फारशी कोणाला आवडली नाही. काका, घरी कान पिळला वाटतं, असं एकाने लिहिलं. कोणी म्हणालं, धर्माभाऊ विकले गेले. ज्याने आधी सगळ्यांत जास्त कौतुक केलं होतं त्यानेच लिहिलं, शिक्षिकाच अशा निघाल्या तर काय होणार. भगीरथने मग, विषय संपला, पुढे चला, असं टाकून चर्चा बंद केली. सुदामने वाचलं की नाही, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशीही पोरांनी भाकऱ्याच आणल्या. तानीने तरीही शिजवलं, शिजवावं तर लागणारच होतं. प्रणय सर बैठकीहून परत आले होते. ते संजीवनीशी बोलताना हजेरीपटाकडेच बघत होते. मध्येच म्हणाले, "बाई, चार दिवसांत विसरतील लोक. आपण काही बोलू नये."

"तुम्ही हसला होतात," संजीवनी म्हणाली. तिला टोचायचं नव्हतं, पण आवाज तसाच आला.

प्रणय सर लाल झाले. "हसण्याचं बटण सवयीने दाबलं जातं, बाई."

तिने चांगोबाबांना निरोप पाठवला, शाळा सुटल्यावर लोकांना बोलवा म्हणून. कापणीचे दिवस, त्यामुळे फार जण आले नाहीत. बायका, म्हातारी माणसं, काही पोरं. कडेला सुदामही होता, त्याची सुट्टी असावी. बारकी दिसली नाही. संजीवनीने काय बोलायचं ते वाटेत मनात जुळवलं होतं, पण उभी राहिल्यावर त्यातलं काहीच आठवेना.

"ते माझ्या नवऱ्याने लिहिलं," ती म्हणाली. "पण त्यांना सांगितलं मी. बारकीने मला पोरीसाठी मागितलं होतं. तिचं पुढचं मी घरी सांगितलंच नाही. फक्त खिचडीचं सांगितलं."

पायरीशी बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "का सांगितलं?"

"हसायला."

"आनि हसलात?"

"हो."

"दोघंबी?"

"दोघंही."

म्हातारीने मान डोलावली. ती रागावली नव्हती, तिला नीट कळून घ्यायचं होतं एवढंच, आणि आता कळलं होतं. संजीवनीला वाटलं, हिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुदाम पुढे आला. "बाई, मला एक सांगा. आमच्याबद्दल घरी नेहमी असंच बोलता का?"

ती नाही म्हणणार होती. पण नऊ वर्षांतल्या किती तरी संध्याकाळी तिला आठवल्या. पोरांच्या शेंबडाच्या गोष्टी, नावांच्या गोष्टी, पालकसभेला दारू पिऊन आलेल्या बापाची नक्कल. सगळ्या तिने वाईट हेतूने सांगितल्या नव्हत्या. पण हसण्यासाठीच सांगितल्या होत्या.

"कधी कधी," ती म्हणाली.

सुदामने तिच्याकडे बघितलं. तो वाद घालायच्या तयारीने आला होता बहुतेक. ग्रुपवर कसं, एकाने बोललं की दुसऱ्याने उलटून बोलायचं. इथे उलटून बोलायला काही उरलं नव्हतं. "ठीक हाय," तो म्हणाला आणि मागे सरकला.

तानी चांगोबाबांना म्हणाली, "बाबा, उद्या काय करू? ल्हान पोरांना भाकर पुरत नाय. घरात उरत नाय तर दप्तरात कुठून देनार आया?"

चांगोबाबांनी लोकांकडे बघितलं. कोणी नाही म्हटलं नाही.

"वाढ उद्यापासनं," ते म्हणाले. "पोरांच्या तोंडचं हाय ते. कोनी हसलं म्हनून काय ते हसनाऱ्यांचं होत नाय."

लोक पांगले. संजीवनी चांगोबाबांना विचारून बारकीच्या शेतावर गेली. टेकडीच्या उतरणीला खाचराचा छोटा तुकडा होता. बारकी कापलेल्या भाताचे भारे बांधत होती. चिमी कडेला गवतात सांडलेल्या लोंब्या वेचत होती. बाईंना बघून ती उठली, पण नेहमीसारखी पळत आली नाही.

"बारकी, मी आत्ता सगळ्यांना सांगून आले," संजीवनी म्हणाली. "चूक माझी आहे."

बारकीने भारा आवळला, गाठ मारली. "मला ठाव होतं, बाई. ते मी फकस्त तुमालाच बोलले होते. दुसऱ्या कोनाला नाय. सुदामनं वाचलं तवाच कळलं." ती सरळ उभी राहिली. "मी घरी म्हटलं, बाई अशा नाय. मंग रातभर विचार केला. दुसरं कोन असनार?"

संजीवनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने वळून पुसलं, कारण इथे रडणं म्हणजे बारकीला आपली समजूत घालायला लावणं झालं असतं.

"चिमीला माझ्याकडे ठेव," ती म्हणाली. सकाळीच तिने हे ठरवलं होतं. "शहापूरला. माझ्याबरोबर रोज शाळेत येईल, माझ्याबरोबर परत. तू पावसापर्यंत भट्टीवर निर्धास्त राहा. खर्चाचं काही बघू नकोस."

बारकीने चिमीकडे बघितलं, मग लांब खाली, जिथून रस्ता दिसत होता तिकडे. चिमी लोंब्या हातात धरून ऐकत होती.

"नको, बाई," बारकी शांतपणे म्हणाली. "तुमी मनापासून म्हनताय, पन नको. तुमच्या घरात काय बोलतात ते आता आमाला कळलंय. पोरगी ल्हान हाय. तिनं ते रोज ऐकायचं, आनि तुमच्या ताटातलं खायाचं? नको."

"आता तसं नाही बोलणार आम्ही."

"नसाल बोलत. पन ती तुमच्याकडं बघतच राहील, आता बोलतील का मंग बोलतील म्हनून." तिने पुढचा भारा ओढला. "मी नेते तिला बरोबर."

संजीवनी भारा बांधायला हात लावू लागली तर बारकी म्हणाली, "राहू द्या, तुमचं लुगडं खराब होईल." आवाजात राग नव्हता. कुणा पाहुणीला सांगावं तसं सांगितलं. नऊ वर्षांत तिने संजीवनीला कधी पाहुणीसारखं वागवलं नव्हतं.

दिवाळी झाली. सुट्टीत धर्मा फराळाच्या ताटाजवळ बसायचा पण खायचा नाही. ग्रुप त्याने सोडला नव्हता. उघडायचा, वाचायचा, काही न लिहिता बंद करायचा. एकदा तिने विचारलं, सोडत का नाही. तर म्हणाला, "सोडला तर आणखी कुठे जाऊ?"

शाळा उघडली तेव्हा चौथीत चिमीची जागा रिकामी होती. आणखी काही पोरंही गेली होती. बाकीची पोरं खिचडी खात होती. संजीवनीने चिमीचं शिक्षण हमी कार्ड तयार केलं. ते दाखवलं की स्थलांतर झालेल्या मुलाला तिथल्या जवळच्या शाळेत बसता येतं. दर वर्षी ती कार्डं पालकांच्या हातात द्यायची आणि विसरून जायची. पालकही ती कनवटीला बांधून विसरायचे. या वेळी सुदामकडून भट्टीचा पत्ता घेतला. रविवारी निघताना धर्मा म्हणाला, "मी येऊ का?"

पडघ्याच्या पुढे आत एका माळावर भट्टी होती. ओल्या विटांच्या लांबच लांब ओळी उन्हात मांडल्या होत्या. बारकी आणि तिचा नवरा चिखल तुडवत होते. चिमी विटा उलटवत फिरत होती, पाठ वाकवून, सवयीच्या हातांनी. फ्रॉकवर वाळलेला चिखल होता. बाईंना बघून तिने हात मागे लपवले.

संजीवनी शनिवारीच जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून आली होती. सोमवारपासून पाठवा म्हणाले होते. तिने बारकीला कार्ड दिलं, शाळेची वाट समजावून सांगितली. बारकीने हात पुसून कार्ड घेतलं आणि नवऱ्याला दिलं, त्याने ते झोपडीत नेऊन ठेवलं.

"सकाळची विटा उलटून जाईल," बारकी म्हणाली. "रोज नाय जमायचं. पन पाठवीन."

धर्मा मागे उभा होता. भट्टीच्या धुराने त्याचे डोळे चुरचुरत होते. तो पुढे आला आणि कोणी विचारलं नसताना म्हणाला, "ते मी लिहिलं होतं."

बारकीने त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच ती त्याला बघत होती. फोनवर ज्याचं नाव सगळ्या तालुक्याने वाचलं तो हा, टक्कल पडलेला, इस्त्रीच्या शर्टातला, चिखलात चप्पल रुतलेला माणूस.

"ठाव हाय," ती म्हणाली.

धर्माला आणखी बोलायचं होतं. पण तेवढ्यात मुकादमाने हाक मारली आणि बारकी पुन्हा चिखलात उतरली. ती गेल्यावर त्याने हात जोडले. ते तिने पाहिले नाहीत. चिमीने पाहिले आणि गोंधळून आईकडे बघितलं.

परतताना कसाऱ्याकडे जाणाऱ्या ट्रकांमागे त्यांची स्कूटर हळूहळू चालली होती. मागे बसलेला धर्मा म्हणाला, "माझ्या उत्तरावर लोक हसले ना, तेव्हा मी ते दोन-तीनदा उघडून बघितलं होतं. किती जण हसले ते."

आपण बारकीची नक्कल दुसऱ्यांदा का केली होती, ते संजीवनीला कळत होतं.

चिमी त्या शाळेत गेली, पण अधूनमधूनच. तिथल्या शिक्षकांचा फोन यायचा. वाचते चांगलं, म्हणायचे, पण गणितात मागे पडली आहे. जूनमध्ये बारकी तिला घेऊन वरच्या पाड्यावर परत आली आणि पाचवीत नाव घालायला शाळेत आली. चिमीची उंची वाढली होती, हाताची नखं झिजली होती.

"कशी आहेस, बारकी?" संजीवनीने विचारलं.

"बरी हाय."

"आई?"

"हाय बरी."

पूर्वी बारकी यापुढे बोलत राहायची. कोणाची गाय व्याली, कोणाचं लग्न ठरलं, भट्टीवर मालकाने काय केलं, सगळं सांगायची. संजीवनी वाट बघत राहिली. बारकीने चिमीच्या केसांवरून हात फिरवला, "बाईंचं ऐक," एवढं तिला सांगितलं आणि ती गेली.